दुसऱ्याचं तुणतुणं

महालात बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. बैठकीत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर अडीच वर्षं एक तुणतुणं टांगलेलं होतं. त्याला चंदनाचा हार. खाली छोटी पाटी, माझ्याच अक्षरातली. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय आहे? मग मी चष्मा काढून, जरा आवाज खाली आणून सांगायचो. लाकडाचं नळकांडं, बुडाला बकऱ्याचं कातडं, कातड्याच्या मधून निघालेली एकच तार, बाजूला ठोकलेली दांडी आणि वर तार पिळायची खुंटी. हे काकाजींचं. आमच्या गावच्या खडी गंमतीत पन्नास वर्षं वाजलं. पाहुणा हात जोडायचा. मलाही बरं वाटायचं.

आता तिथं नुसता खिळा आहे. तो खिळा रिकामा कसा झाला, ते सांगायला बसलो आहे.

आमचं गाव कुही तालुक्यातलं, नागपूरपासून चाळीसेक किलोमीटर. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडया भरतात. भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबी, पाहुणे, पोरीबाळींच्या सोयरिकी. आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायचा खेळ. शाहीर उभा, नाच्या उभा, ढोलकीवाला उभा, मागचे झीलकरी उभे. रात्री दहाला गण सुरू झाला की तांबडं फुटेपर्यंत पाय टेकायचे नाहीत.

काकाजी त्या मागच्या ओळीतले. डाव्या हातात तुणतुणं, उजव्या हाताचं बोट तारेवर, आणि शाहिरानं कडवं सोडलं की 'जी जी' करून ते उचलायचं. रात्रभर हेच. त्यांनी एकही गाणं स्वतः रचलं नाही. कधी पुढं येऊन गायले नाहीत. लोक घरी जाताना शाहिराचं नाव घ्यायचे, नाच्याच्या ठसक्याच्या गोष्टी करायचे, ढोलकीच्या तोड्यावर वाद घालायचे. तुणतुण्यावर कोणी वाद घातलेला मी ऐकला नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. थंडीत कातडं ढिलं पडतं, म्हणून खेळाआधी काकाजी शेकोटीजवळ तुणतुणं शेकत बसायचे. मी हट्ट धरला, मले वाजवाचं हाये. त्यांनी दिलं. मी तार ओरबाडायला लागलो. त्यांनी हात धरला नाही, रागावले नाहीत. म्हणाले, "बाबू, तू तार आयकून राह्यला. तार नाही आयकाची. शाहीर काय म्हनून राह्यला, ते आयक. त्याले सांभाळा लागते."

'सांभाळणं' हा त्यांचा शब्द. शाहीर पहाटे तीनला थकतो, गळा बसतो, सूर खाली उतरायला लागतो. त्याला ते कळतही नाही. तेव्हा मागून एक तार त्याच जागी वाजत असते. शाहीर चुकतो, सावरतो, पुन्हा तारेवर येऊन उभा राहतो. समोरच्या हजार माणसांना वाटतं, काय आवाज आहे! काकाजी मागं उभे असतात. घसरणाऱ्याला हात दिल्याचं कोणाला दिसूही नये, असा तो हात.

आपल्या भाषेनं मात्र या वाद्यावर अन्यायच केला आहे. एखादा स्वतःचंच सांगत सुटला की आपण म्हणतो, 'याचं आपलं एकच तुणतुणं.' तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिला, वाक्यात उपयोग करायला लावला. मला कधी सुचलं नाही की ज्याच्या हातात खरंच तुणतुणं होतं, तो जन्मभर दुसऱ्याचंच वाजवत होता.

काकाजी वर्षातून एक-दोनदा महालात यायचे. गणेशपेठच्या स्टँडवर एसटीतून उतरायचे, गांधीसागर तलावाच्या काठानं, गांधी गेटमधून चालत आमच्याकडे. तुणतुणं धोतराच्या फडक्यात बांधलेलं. कातडं बदलायचं, तार घ्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्याकडे एक कप चहा आणि दोन पोळ्या. पैसे कधी मागितले नाहीत. खरं सांगायचं तर शेजारी काय म्हणतील म्हणून त्या फडक्याचा मला जरा संकोच वाटायचा. आज तेच फडकं घडी करून कपाटात ठेवलं आहे.

२०१० सालची गोष्ट. २६ नोव्हेंबरला शाहीर विठ्ठल उमप इथं नागपुरातच गेले. दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता. मंचावर आले आणि तिथंच कोसळले. मुंबईच्या नायगावात १९३१ साली जन्मलेला माणूस, भीमगीतं, पोवाडे, भारुडं, 'जांभूळ आख्यान' असं सगळं अंगावर घेऊन फिरलेला. आणि शेवटचा श्वास आमच्या गावात, लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी दारात. मंडईत कातडं फाटलं होतं. मी पेपर वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं,

"अन् त्याह्यच्या मागं कोन उभं होतं?"

मी पुन्हा बातमीवरून नजर फिरवली आणि पेपर घडी करून ठेवला.

"मोठा मानूस गेला," काकाजी म्हणाले. "पन मागचा मानूस त्या टाइमाले का करत असन? हात चालू ठेवावं का थांबवावं?"

तेव्हा मला तो प्रश्न भोळा वाटला. आज वाटतं, शोक म्हणजे काय करायचं, हाच प्रश्न त्यांनी विचारला होता. हात थांबवायचा की चालू ठेवायचा?

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना फार जुनी, १९५० च्या दशकातली. २०१९ साली स्थानिक पातळीवरच्या कलावंताला महिन्याला २,२५० रुपये मिळायचे. कलावंत गेला तर पुढं त्याच्या जोडीदाराला मिळतात. अर्जासोबत पुरावा लागतो, की हा माणूस इतकी वर्षं या कलेत आहे. शाहिराकडे पुरावा असतो. पत्रकावर नाव असतं, फोटो असतो, हारतुरे असतात. तुणतुणेवाल्याकडे काय असणार? पत्रकावर 'शाहीर अमुक आणि पार्टी' असं छापतात. काकाजी पन्नास वर्षं त्या 'आणि पार्टी'त होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते आले. म्हणाले, "बाबू, तू शिकलेला. सारं तुले मालूम हाये. मी कोनत्या गावी वाजवलं, कोनाच्या मागं वाजवलं, एका कागदावर लिवून दे. चार शाहिराह्यच्या सह्या मी आनतो."

एक कागद. मी म्हणालो, देतो ना काकाजी, चांगला सविस्तर लिहून देतो. तिथंच घोडं अडलं. मला तो चांगला लिहायचा होता. सुरुवात कशी करावी, खडी गंमतीचा इतिहास थोडा घालावा का, असं करत राहिलो. मग दिवाळी आली. मग म्हटलं, मंडया होऊ द्या. मग २०२० चा मार्च आला आणि सगळंच बंद झालं. मंडया बंद, खेळ बंद, बिदागी बंद. खरं म्हणजे त्याच वेळी त्या कागदाची सगळ्यात जास्त गरज होती. मी घरातच होतो. वेळच वेळ होता. फोनवर काकाजी एवढंच म्हणायचे, "झालं का रे बाबू?" आणि लगेच, "राहू दे, राहू दे, घाई नाही."

२०२२ च्या माघात ते गेले. कागद झाला नव्हता. कागद दिला असता तर मानधन मिळालंच असतं, असं नाही. निवड समिती असते, रांग असते. पण तो कागद पुढं गेलाच नाही, याचं कारण दुसरं कोणी नाही. मी.

तेरवीच्या दिवशी गावात पारावर सभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. कुठल्या गावी कुठल्या साली कोणाच्या मागं वाजवलं, शेकोटीजवळ काय म्हणाले, कसा सूर धरायचे, सगळं धडाधड आठवत गेलं. बायाबापड्या रडल्या. ढोलकीवाले म्हातारबा उठून गळ्यात पडले. खाली बसलो तेव्हा लक्षात आलं, हाच तो कागद. तीन वर्षं जो जमला नाही तो वीस मिनिटांत, तोंडी, कोणाच्याही उपयोगी न पडता.

गेलेल्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं, कारण तो काही मागत नाही. जिवंत कलावंत मागतो. त्याला एसटीचं भाडं लागतं, कातड्याचे पैसे लागतात, एक कागद लागतो, आणि ते सगळं आपल्या सोयीच्या वेळी लागत नाही. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर सबंध महाराष्ट्र डोलला आणि १९४५ साली ते गेले ते हलाखीत. आपण ही गोष्ट हळहळून सांगतो, जणू ती दुसऱ्या कोणाची चूक होती. माझ्या ताब्यात सबंध महाराष्ट्र नव्हता. एक माणूस होता आणि एक कागद.

तेरवीचं जेवण झाल्यावर काकीनं तुणतुणं आणून माझ्या हातात दिलं. त्यांना मूलबाळ नाही. म्हणाली, "तुमी न्या बाबू. सांभाळजा." मी ते महालात आणलं, पुसलं, खिळा ठोकला, हार घातला. माझ्या परीनं सांभाळलं.

त्याच वर्षी आश्विनात मी मोझरीला गेलो. काकाजी दर वर्षी जायचे, म्हणून त्यांच्या नावानं गेलो म्हणा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. आश्विन वद्य पंचमीला, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, गुरुकुंजात लाखोंचा समुदाय मौन उभा राहतो. ज्यानं त्याचा अनुभव घेतला नाही, त्याला सांगून कळणार नाही. एवढी माणसं, आणि पाखराचा आवाज ऐकू येतो. हातात खंजिरी घेऊन ज्यानं खेडीच्या खेडी जागी केली, त्याला लोक आवाज बंद करून आठवतात. मी डोळे मिटून उभा होतो आणि मला काकाजींचा प्रश्न आठवला. हात चालू ठेवावं का थांबवावं?

परतीच्या गाडीत उत्तर थोडंसं दिसायला लागलं. त्या मौनाला वजन आहे, कारण ते काही मिनिटांचं आहे. उरलेलं वर्षभर विदर्भातल्या गावागावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, कुठला तरी पोरगा सूर सोडून का होईना महाराजांचं भजन म्हणत असतो. वर्षभर चालू असलेला हात काही मिनिटं थांबतो, ते मौन. माझ्या भिंतीवरचं तुणतुणं वर्षभर गप्प होतं. त्याला मौन म्हणणं ही माझी सोय होती.

कळलं, तरी मी काही केलं नाही. हेही लिहायला पाहिजे. कळणं आणि करणं यांच्यात माझी दीड-दोन वर्षं सहज जातात. २०२४ च्या मार्चमध्ये बातमी वाचली, की कलावंतांचं मानधन सरसकट महिन्याला ५,००० रुपये झालं. मी त्या भिंतीखालीच बसलो होतो. काकीचा हिशोब मनात झाला. पेपर ठेवून दिला.

दसऱ्यानंतर ढोलकीवाल्या म्हातारबांचा नातू घरी आला. वीस-बावीसचा पोरगा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. चहा घेता घेता त्याची नजर भिंतीवर.

"गुरुजी, यंदा आमची पार्टी मंडईत उतरून राह्यली. शाहीर हाये, आबा ढोलकीवर हाये. तुनतुनं नाही. हे देता का?"

मी म्हणालो, बाजारात नवीन मिळतं.

"मियते. पन त्याचं लाकूड हलकं रायते. हे घुमते."

मी म्हणालो, ती आठवण आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर. वर म्हणाला, "याले एक छोटा माइक चिपकवला का मंग मागच्या लोकाह्यलेबी आयकू येईन."

माझ्या अंगावर काटाच आला. काकाजींच्या तुणतुण्याला माइक! पोरगा फोडून ठेवेल, गोंद लावेल, खुंटी मोडेल. मी त्याला उद्या सांगतो म्हणून वाटेला लावलं. रात्री झोप लागेना. ही वस्तू माझी नाही, ठेव आहे. ठेव दुसऱ्याच्या हाती देणं हा विश्वासघात नव्हे का? ज्या लाकडावर त्यांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झाली आहे, त्यावर दुसऱ्याचा अंगठा बसला तर त्यांचं काय उरेल?

वस्तू जपून ठेवणं हे पाप आहे, असं मला म्हणायचं नाही. आमच्या नागपुरात १८६३ पासूनचा अजब बंगला आहे. लहानपणी गावाहून बैलगाडीनं येऊन आम्ही तिथल्या काचांना नाकं लावून उभे राहिलो आहोत. जी वाजवणारा कोणीच उरला नाही ती वस्तू काचेत ठेवावी, त्यात तिचा मान आहे. पण वाजवणारा दारात उभा असताना वस्तू भिंतीवर ठेवायची, तर मान कोणाचा होतो? मी नीट विचारलं स्वतःला. पाहुणे हात जोडायचे तेव्हा मला बरं का वाटायचं? त्या हारानं काकाजी झाकले गेले नव्हते. तो न लिहिलेला कागद झाकला गेला होता.

सकाळी काकीला फोन लावला. सगळं सांगितलं. पोरगा मागतो आहे, देऊ का? ठेव तुमची आहे, म्हणून विचारतो.

पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "आजपावतर टांगूनच ठेवलं का बाबू?"

मी म्हणालो, तुम्हीच म्हणाल्या होत्या, सांभाळजा.

"आता माय! मी तं म्हनलं, शिकलेला मानूस हाये, कोनी वाजवनारा पाहून देईन."

काकाजींच्या घरात 'सांभाळणं' या शब्दाचा अर्थ काय होता, हे मला आठव्या वर्षी शेकोटीजवळ सांगून झालं होतं. थकणाऱ्याच्या मागं उभं राहून त्याचा सूर धरणं. आम्ही शिकलेल्यांनी त्याचा अर्थ कडीकुलूप केला.

पोरगा दोन दिवसांनी पुन्हा आला. मी हार काढला. जुनं कातडं ढिलं पडून मधोमध फाटायला आलं होतं. आम्ही दोघं मिळून ते बदलायला घेऊन गेलो. कारागिरानं जुनं कातडं सोलून काढलं आणि विचारलं, हे नेता का? माझा हात पुढं झाला. मग मागं घेतला. नको म्हणालो. अजून कधीकधी वाटतं, न्यायला हवं होतं.

मंडईच्या रात्री मी गावात गेलो. पोरगा मागच्या ओळीत उभा. तुणतुण्याला माइक चिकटवलेला, वायर लोंबत होती. सुरुवातीला तो तारच ऐकत होता, शाहीर एकीकडे आणि हा एकीकडे. म्हातारबांनी ढोलकी वाजवता वाजवता त्याच्याकडे असं पाहिलं की तो घामाघूम झाला. बारा वाजले, एक वाजला. तीनच्या सुमाराला शाहिराचा गळा बसायला लागला. सूर खाली चालला. मी श्वास धरून बसलो. तार त्याच जागी वाजत राहिली. अगदी काकाजींसारखी नाही. जरा घाबरलेली. पण शाहीर तिच्यावर येऊन उभा राहिला. समोरच्यांना काही कळलं नाही.

बाजूला काकी शाल पांघरून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती डुलकी घेत होती.

गावात निघण्याआधी मी दोन कामं केली होती. म्हातारबांचा कागद लिहिला. कुठल्या गावी, कोणाच्या मागं, किती वर्षं. एक पान. इतिहास घातला नाही. अर्ध्या तासात झाला. दुसरं, पार्टीच्या पत्रकाचा मजकूर माझ्याकडे आला होता, त्यातलं 'आणि पार्टी' खोडून सगळ्यांची नावं घातली. शाहीर, नाच्या, ढोलकी, चोनका, मंजिरी, झीलकरी. शेवटच्या ओळीत 'तुणतुणे' आणि पुढं पोराचं नाव. छापणारा म्हणाला, गुरुजी, जागा पुरत नाही, शेवटची ओळ काढू का? मी म्हटलं, माझं नाव काढा, 'सौजन्य' म्हणून घातलेलं.

त्या पत्रकाच्या दोन प्रती मी फायलीत लावून ठेवल्या आहेत. एक पोराच्या नावाच्या फायलीत. तो बावीस वर्षांचा आहे. कधीतरी त्याला पुरावा लागेल.